जुन्या कॅम्परमधला फ्रिज बदलताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुनी कॅम्पर, म्हणजे आत राहण्याची सोय असलेली गाडी, घेतली की पहिल्याच उन्हाळ्यात फ्रिज दगा देतो. बहुतेक गाड्या फोर्स ट्रॅव्हलर किंवा टाटा विंगर या व्हॅनवर बांधलेल्या, दोन-तीन मालकांच्या हातून गेलेल्या. कुठली वायर कुठे जाते हे सांगणारं कुणी उरलेलं नसतं. त्यामुळे ठाणे-नवी मुंबईतल्या मालकांकडून तेच ते प्रश्न येत राहतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरांत माझी मतंही आहेत. त्यातलं सगळ्यात ठाम मत आधीच सांगतो: ज्या वायरिंगने आणि कोंडलेल्या हवेने जुना फ्रिज मारला, ती तशीच ठेवून नवा बसवू नका.

१. फ्रिज खरंच गेलाय, हे पक्कं कसं करायचं?

फ्रिज चालू ठेवून त्याच्या मागच्या टर्मिनलवर मल्टिमीटर लावा. बॅटरीवर १२.६ व्होल्ट आणि फ्रिजपाशी ११.३ दिसत असतील, तर दोष मधल्या वायरीत, फ्यूजमध्ये किंवा लगमध्ये (वायरीच्या टोकाला चेपलेल्या धातूच्या कडीत) आहे. आपल्या खाडीकाठच्या हवेत सीटखालचे जोड आतून सडतात. वरची टेप सोडली की तांब्यावर हिरवा थर दिसतो, आणि जरा ओढलं तर वायर तुटून हातात येते. मग दहाची नोट दारात धरून दार लावा. नोट सहज निसटली, तर दाराचं रबर बदला. शेवटी मागची धूळ झटका आणि पंखा फिरतोय का ते बघा.

एवढं करूनही शंका असेल तर चार्ज केलेली बॅटरी फ्रिजशेजारी आणून जाड, आखूड वायरीने थेट जोडा. तसा चालला, तर फ्रिज ठणठणीत आहे.

२. माझ्या गाडीत थ्री-वे आहे की कॉम्प्रेसरवाला? मला यातलं काही कळत नाही.

कान लावा. अधूनमधून घरघर आवाज करून थांबतो, तो कॉम्प्रेसरवाला. अजिबात आवाज नाही, पुढे गॅस, मेन्स आणि बॅटरी असं निवडायचं बटण आहे, मागे बारीक धुरांडं आहे, तर तो थ्री-वे, म्हणजे अ‍ॅब्सॉर्प्शन. त्यात हलणारा एकही भाग नसतो. उष्णतेने अमोनिया उकळतो, पाणी आणि हायड्रोजन यांच्या साथीने नळ्यांतून फिरतो आणि थंडावा देतो. प्लाटेन आणि मुंटर्स या दोन स्वीडिश विद्यार्थ्यांनी १९२२ मध्ये ही युक्ती शोधली, १९२५ मध्ये ती इलेक्ट्रोलक्सकडे गेली. जुन्या फ्रिजवर इलेक्ट्रोलक्स आणि नंतरच्यांवर डोमेटिक ही नावं दिसतात, ती एकाच घराण्यातली.

३. मागे नळ्यांवर पिवळी पूड साचलीय आणि डोळे चुरचुरतात. पुसून टाकू का?

नका. फ्रिज बंद करा, गॅसचा कॉक बंद करा, गाडीची दारंखिडक्या उघडा. चुरचुर अमोनियाची आहे. पिवळी पूड म्हणजे सोडियम क्रोमेट, नळ्या आतून गंजू नयेत म्हणून द्रावात घातलेलं. ते विषारी आहे, कर्करोगाला कारण ठरणाऱ्या रसायनांत मोडतं. हातमोजे आणि मास्क घालून ओल्या फडक्याने टिपा, फडकं पिशवीत बांधून ठेवा, कोरडी पूड झाडूने उडवू नका. पिवळी पूड दिसली की त्या फ्रिजची कूलिंग युनिट संपली. पुढचा प्रश्न वाचायची गरज नाही, थेट ७ वर जा.

४. थ्री-वे उलटा करून ठेवला की पुन्हा चालू होतो म्हणतात. खरं का?

कधी कधी. थ्री-वे उतारावर उभा करून तासन् तास चालवला की उकळणारा द्राव परत खाली येत नाही, बॉयलर कोरडा तापतो आणि क्रोमेटचे खडे नळीत अडकतात. फ्रिज काढून उलटा ठेवला, मग सरळ करून काही तास तसाच राहू दिला, तर अडथळा सुटल्याची उदाहरणं आहेत. पण बॉयलरच्या नळीला एकदा झालेलं नुकसान भरून येत नाही. येऊरच्या चढावर रात्रभर गाडी लावणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. जुन्या युनिटना आडवा साधारण ३ अंश आणि पुढेमागे ६ अंशच कल चालतो. गाडी धावत असताना द्राव हलत राहतो, म्हणून तेव्हा एवढी चिंता नसते.

५. गॅसवर आणि लाइटवर छान चालतो, बॅटरीवर मात्र दूध नासतं. का?

थ्री-वेचा बॅटरीवरचा हीटर मुळात गाडी चालू असताना आहे तो गारवा टिकवण्यासाठी असतो. त्याला साधारण १० अँपिअर सतत लागतात, म्हणजे दिवसाला २४० अँपिअर-अवर (अँपिअर गुणिले तास). कुठलीच साधी बॅटरी हे झेपवत नाही. गाडी चालू असतानाही नासत असेल तर हीटरचा रेझिस्टन्स मोजा. १२० वॉटच्या १२ व्होल्ट हीटरला १.२ ओहमच्या आसपास यायला हवा, २३० व्होल्टच्या सव्वाशे वॉटवाल्याला सुमारे ४२० ओहम. आकडे बरोबर आले तर गुन्हेगार वायर आहे (प्रश्न ११).

६. एक मेकॅनिक म्हणतो, गॅस भरून देतो. भरून घेऊ?

थ्री-वेत नाही. त्यातला अमोनिया आणि हायड्रोजन कारखान्यात दाबाखाली भरून वेल्ड केलेला असतो, व्हॉल्व्हच नसतो. नळीला भोक पाडून 'भरून देतो' म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा.

कॉम्प्रेसरवाल्यात गॅस भरता येतो, पण आधी गळती सापडली पाहिजे. या छोट्या फ्रिजमध्ये गॅस अगदी थोडा लागतो, पाटीवर ग्रॅममध्ये लिहिलेला असतो. तो वजनकाट्यावर तोलून भरायचा, गेजच्या अंदाजाने नाही. पाटीवर वायूचं नाव आर-१३४ए असेल तर कुठलाही बरा एसी मेकॅनिक करेल. आर-६००ए ज्वलनशील आहे, त्या नळीला टॉर्च लावण्याआधी मेकॅनिकला पाटी दाखवा. आर-१२ असेल तर विषय सोडा. ओझोनमुळे तो वायू भारतात २०१० पासून बाद झालेला आहे.

७. मग नवा कोणता घ्यावा? जुन्यासारखाच थ्री-वे मिळाला तर बसवू का?

माझ्या मते आपल्याकडे पुन्हा थ्री-वे बसवू नये, कितीही स्वस्त मिळाला तरी. तो बाहेरच्या तापमानापेक्षा साधारण २० ते २५ अंश खाली जातो. युरोपातल्या उन्हाळ्यात ते पुरतं. मे महिन्यात घोडबंदर रोडला उन्हात उभ्या गाडीच्या आत ४२ अंश झाले की फ्रिजमध्ये १८ उरतात. दूध नासणार, लोणी वितळणार, आणि तुम्ही थर्मोस्टॅटला दोष देणार. वर गॅसची ज्योत, धुरांडं, लेव्हल या भानगडी आहेतच. शिवाय १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर स्वयंपाकघरासाठी असतो, गाडीत फिरवायला नाही.

१२/२४ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज घ्या. गाडी तिरकी उभी असली तरी तो चालतो, बरेच उत्पादक ३० अंशांपर्यंत कल मान्य करतात. चालू असताना ४५ ते ६० वॉट घेतो आणि थंड झाला की थांबतो. आत डॅनफॉसचा (आता सेकॉप) बीडी-३५ किंवा त्या जातीचा कॉम्प्रेसर असेल तर सुटे भाग आणि माहिती दोन्ही मिळतात. चार माणसांना ५० ते ६५ लिटर पुरे. मोठा घेऊन अर्धा रिकामा ठेवला तर दार उघडल्यावर तेवढी जास्त गार हवा बाहेर सांडते.

वरून उघडणारा की कपाटासारखा? वरून उघडणारा वीज कमी खातो, पण तळातली कोथिंबीर काढायला अर्धा फ्रिज उपसावा लागतो. जुन्या गाडीत कप्पा तयार असतो, म्हणून कपाटवालाच सोयीचा.

अपवाद एकच: कूलिंग युनिट चांगली आहे आणि फक्त हीटर किंवा गॅसचा जेट गेलाय, तर भाग बदला आणि हिवाळ्यापुरता वापरा.

८. घरचाच छोटा फ्रिज आणि इन्व्हर्टर लावला तर? निम्म्या खर्चात होतं.

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, आणि उत्तर 'कधी कधी हो' असं आहे. तुम्ही नेहमी प्लग असलेल्या रिसॉर्टमध्येच मुक्काम करत असाल, तर पन्नास लिटरचा घरगुती फ्रिज चालून जाईल. बिघडला तर खोपोलीपासून मालवणपर्यंत कुठेही मेकॅनिक मिळेल, हा त्याचा मोठा गुण.

बॅटरीवर मात्र हिशोब बिघडतो. इन्व्हर्टर नुसता चालू असला तरी १० ते २० वॉट खातो. म्हणजे फ्रिजने काहीही न करता दिवसाला २० ते ४० अँपिअर-अवर गेले, जवळजवळ दुसऱ्या फ्रिजएवढे. कॉम्प्रेसर सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट करंट ओढतो, त्यामुळे ८०-१०० वॉटच्या फ्रिजलाही दणकट प्युअर साइन वेव्ह इन्व्हर्टर लागतो. स्वस्तातल्या स्क्वेअर वेव्हवर मोटर गुरगुरते आणि तापते. बंद झाल्यावर लगेच पुन्हा सुरू होऊ नये म्हणून तीन-चार मिनिटांचा टाइमर लावा. आणि हा फ्रिज गाडीत हादरण्यासाठी बनवलेला नसतो. मागच्या तांब्याच्या नळ्या एकमेकींना किंवा पत्र्याला घासत नाहीत ना, ते बघा. घासत असतील तर मध्ये रबर घाला.

९. गाडीत ठेवायचा तो स्वस्त 'कूलर-वॉर्मर' बॉक्स?

एका दिवसाच्या सहलीपुरता ठीक. बाहेरच्यापेक्षा १५-२० अंश खाली जातो, आणि गार झाला तरी न थांबता वीज खातो.

१०. बॅटरी किती लागेल? आणि छतावर सोलर लावलं की झालं का?

हिशोब साधा आहे. कॉम्प्रेसर चालू असताना १२ व्होल्टवर ४ अँपिअर. आपल्या उन्हाळ्यात तो निम्मा वेळ चालतो असं धरा. ४ गुणिले १२ तास, म्हणजे दिवसाला ४८ अँपिअर-अवर. डिसेंबरात माळशेजला गेलात तर याच्या बरंच खाली.

लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवली तर लवकर मरते. म्हणजे १०० अँपिअर-अवरची बॅटरी एक दिवस पुरते, तेही फक्त फ्रिजला. लिथियम आयर्न फॉस्फेटची तेवढीच बॅटरी ८० देते, दीड दिवस निघतो. ही बॅटरी गाडीच्या स्टार्टरच्या बॅटरीपासून वेगळीच हवी, नाहीतर सकाळी फ्रिज गार आणि गाडी थंडगार. नव्या गाड्यांचे स्मार्ट अल्टरनेटर आणि लिथियम यांच्यात डीसी-डीसी चार्जर घाला, जुन्या गाडीत लेड-अ‍ॅसिडला साधा रिले पुरतो.

स्वच्छ उन्हात २०० वॉटचं पॅनेल दिवसाला ५० ते ६० अँपिअर-अवर देतं, म्हणजे फ्रिजची बरोबरी. पावसाळ्यात ढग गच्च असले तर चौथा हिस्साही कधी कधी मिळत नाही. पण सोलर हवं तर गाडी उन्हात लावावी लागते आणि फ्रिजसाठी सावलीत, हे भांडण मिटत नाही. मी सावलीच्या बाजूने आहे.

११. जुनी वायर तशीच ठेवली तर चालेल? किती स्क्वेअरची घालू?

जुन्या गाड्यांत बहुधा दीड किंवा अडीच स्क्वेअर (चौरस मिलिमीटर जाडीची) वायर सापडते. बॅटरीपासून फ्रिज सहा मीटरवर असेल तर करंटचा जाऊन-येऊन प्रवास बारा मीटर. अडीच स्क्वेअरच्या तांब्यात ५ अँपिअरला ०.४ व्होल्ट वाटेत जातात, सहा स्क्वेअरमध्ये ०.१७. ०.४ ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण अर्धी उतरलेली बॅटरी मुळात १२.१ ला असते आणि कॉम्प्रेसर सुरू होताना ती आणखी दबते. तेवढ्यात फ्रिजचा संरक्षक सर्किट वीज तोडतो. सहा स्क्वेअर घाला, एकदाच घाला.

थेट बॅटरीच्या लगवरून घ्या, पंप आणि दिव्यांच्या सामाईक फ्यूजबॉक्समधून नको. बॅटरीपासून वीतभर अंतरात १५ अँपिअरचा फ्यूज, किंवा फ्रिजच्या पुस्तिकेत सांगितलेला. निगेटिव्ह गाडीच्या पत्र्यावर सोडू नका, जुन्या पत्र्याच्या गंजावर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही. लग पक्कडीने चेपायचे नाहीत, क्रिम्पिंग टूलने दाबायचे आणि वर हीट-श्रिंक चढवायची. तुर्भे किंवा कळंबोलीला ट्रकचं वायरिंग करणारे हे काम रोज करतात. घरगुती वायरमनला द्याल तर आधी 'ही डीसी आहे' एवढं सांगून ठेवा.

१२. जुन्याच्या कप्प्यात नवा मावेल का?

मापं फ्रिजची नको, भोकाची घ्या: रुंदी वर आणि खाली, उंची दोन्ही कडांना, खोली चाकाच्या उंचवट्यापर्यंत. जुन्या फर्निचरचे कोन काटकोन राहिलेले नसतात. मागे आणि वर हवेला जागा सोडा, किती ते पुस्तिकेत असतं. दार कुठल्या बाजूला उघडतं आणि समोरच्या बाकाला अडतं का, तेही बघा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, नवा फ्रिज गाडीच्या दारातून आत जातो का? ट्रॅव्हलरमध्ये कधी कधी पुढची सीट तेवढ्यापुरती काढावी लागते. कप्प्याची रिकामी राहिलेली जागा मरीन प्लायने भरा, साधा प्लाय पहिल्या पावसाळ्यात फुगतो. फ्रिज आडवा आणला असेल तर सरळ उभा करून काही तास थांबा, मगच चालू करा.

१३. आता गॅस नाही, तर भिंतीतल्या बाहेरच्या दोन जाळ्या बंद करून टाकू?

हा मोह सगळ्यांना होतो, कारण पावसात तिथून पाणी येतं. बंद करू नका. कॉम्प्रेसर फ्रिजही आतली उष्णता मागे टाकतो. ती कोंडली की तो थांबतच नाही आणि प्रश्न १० मधले ४८ अँपिअर-अवर सत्तरवर जातात. खालच्या जाळीतून गार हवा आत, वरच्या जाळीतून गरम बाहेर, हा मार्ग जपा. मध्ये पत्रा किंवा फोमशीट अशी लावा की हवा कंडेन्सरवरूनच (उष्णता बाहेर टाकणाऱ्या मागच्या नळ्यांवरूनच) जाईल, बाजूने पळणार नाही. वरच्या जाळीशी १२ व्होल्टचा छोटा पंखा लावला तर मे महिन्यात फरक हाताला कळतो. पावसासाठी बाहेरून झुकत्या पट्ट्यांचं झाकण मिळतं.

१४. थ्री-वे काढल्यावर गॅसच्या नळीचं काय करायचं?

सिलिंडर बंद करून बाहेर न्या, मग फ्रिजचा कॉक सोडा. उरलेल्या टोकाला पितळी प्लग बसवा. टेप गुंडाळणं, रबर दुमडून बांधणं, हे काही प्लग नव्हेत. शेगडी चालू ठेवणार असाल तर सगळे जोड साबणाच्या फेसाने तपासा, काडी ओढून नव्हे. गाडीच्या तळाला असलेली भोकं बुजवू नका. हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो आणि त्या भोकांतूनच बाहेर जातो. ही कामं गॅसच्या माणसाकडूनच करून घ्या.

१५. माझी गाडी बसच्या चासीवर आहे, २४ व्होल्टची. चालेल?

१२/२४ लिहिलेला कॉम्प्रेसर फ्रिज स्वतःच ओळखतो. दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरून १२ व्होल्ट 'काढून' घेऊ नका, एक उतरत जाते आणि दुसरी जास्त चार्ज होऊन उकळते.

१६. नवा फ्रिज पहाटे बंद पडतो, दिवा एकेकदा लुकलुकतो. वॉरंटीत देऊ?

डॅनफॉसच्या कंट्रोलरवर एक लुकलुक म्हणजे व्होल्टेज पडलं, म्हणून बॅटरी वाचवायला बंद केलं. १२ व्होल्टवर कारखान्यातलं सेटिंग साधारण १०.४ ला बंद आणि ११.७ ला परत चालू, असं असतं. मोजमाप फ्रिजपाशी होतं, बॅटरीपाशी नाही, म्हणून आधी प्रश्न ११. दोन लुकलुकी पंख्याच्या, तीन म्हणजे मोटर सुरू होत नाही, पाच म्हणजे कंट्रोलर तापलाय (प्रश्न १३). दुकानात जाण्याआधी लुकलुकी मोजा.

१७. गाडी सोसायटीत उभी असते. तिथे फ्रिज चालू ठेवता येईल?

स्वतःच्या मीटरवरून, अर्थिंग असलेल्या आणि ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमागच्या (करंट गळला की वीज तोडणाऱ्या स्विचमागच्या) प्लगमधून, हो. जिन्यातल्या सामाईक दिव्याच्या लाइनवरून घेतलंत तर पुढच्या सर्वसाधारण सभेत तुमचाच विषय असेल. एक्स्टेन्शनची रीळ पूर्ण उलगडा, गुंडाळलेली तापते. प्रवासाला निघण्याच्या आदल्या रात्री फ्रिज मेन्सवर गार करून, आतलं सामानही घरच्या फ्रिजमध्ये गार करून भरलं की बॅटरीचा पहिला दिवस जवळजवळ फुकट मिळतो.

१८. आईचं इन्सुलिन ठेवायचं आहे. भरवसा ठेवू का?

न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत हवं. थ्री-वेवर भरवसा नको. कॉम्प्रेसरमध्ये धोका उलटा: मागच्या गार पट्टीला टेकलं तर गोठतं, आणि गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावरही वापरायचं नाही. दारातल्या कप्प्यात डब्यात ठेवा. किमान-कमाल दाखवणारा डिजिटल थर्मामीटर त्याच डब्यात टाका आणि सकाळी आकडा बघून मगच इंजेक्शन.

१९. अलिबागहून परतताना मासे आणता येतील?

फ्रिजमधून नको. बर्फ घातलेल्या थर्माकोलच्या खोक्यातून आणा. नाहीतर सुरमईचा वास दसऱ्यापर्यंत जात नाही.

२०. आरटीओला कळवावं लागतं का? आणि विमा?

जागा तीच आणि वजन जवळपास तेवढंच असेल, तर आरसीवरची कुठलीही नोंद बदलत नाही. सीट काढणं, छत कापणं हे मात्र मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली बदल ठरतात, आधी परवानगी लागते. एमएच-०४ असो की एमएच-४३, नियम तोच. पंधरा वर्षं झालेल्या खासगी गाडीची नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवताना गाडी तपासणीला जाते, तेव्हा लोंबणाऱ्या वायरी आणि सैल सिलिंडर घेऊन जाऊ नका. विम्यात नंतर बसवलेली विजेची उपकरणं वेगळी लिहून घ्यावी लागतात. नव्या फ्रिजचं बिल जपून ठेवा आणि नूतनीकरणाच्या वेळी सांगा.

२१. जुना फ्रिज भंगारवाल्याला देऊन टाकू?

थ्री-वे तर मुळीच नको. भंगारवाला लोखंडाच्या लोभाने नळी कापणार आणि अमोनिया त्याच्या तोंडावर येणार. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि फ्रिज त्यात येतो. नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्यालाच द्या, आणि देताना 'यात अमोनिया आणि क्रोमेट आहे' असं चिठ्ठीवर लिहून दाराला चिकटवा.

२२. घाटात वळणावर दार उघडून सगळं खाली येतं.

प्रवासासाठीचा खटका असलेला फ्रिज घ्या. घरगुती असेल तर पितळी कोयंडा किंवा बॅगेचा पट्टा लावा. जड बाटल्या खालच्या कप्प्यात ठेवा, दारात नको, बिजागरी सैल होते. आणि गाडी बरेच दिवस उभी ठेवणार असाल तर दार पूर्ण लावू नका, फटीत लाकडाचा तुकडा अडकवा. बंद, दमट फ्रिजमध्ये आठवड्याभरात बुरशी येते.